सोनेतारण आणि येशूचं तारण, शब्द एकच का?

प्रश्न एका ताईंचा आहे. सांगलीत जिकडं बघावं तिकडं 'सोनेतारण कर्ज'च्या पाट्या, आणि मिरजेला मैत्रिणीच्या घरी प्रार्थनेला गेल्या तर तिथं 'तारण कर्मांनी नाही, विश्वासाने' असं ऐकलं. तर हे दोन तारण एकच का, आणि विश्वासानंच भागणार असेल तर चांगली कामं नाही केली तरी चालतंय का?

ताई, शब्द एकच धरा. संस्कृत तॄ धातू, म्हणजे तरून पलीकडं जाणं, दुसऱ्याला पलीकडं नेलं की ते तारणं. 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं तारी हेच. आता पतसंस्थेत पाणी कुठनं आलं म्हणाल तर आपल्याकडं कर्ज बुडतं, लोक पैसे बुडवतात, मग बुडत्या पैशाला वाचवणारी वस्तू ती तारण, असा सरळ हिशोब दिसतो. फरक क्रियापदात बघा. दागिना तारण ठेवतात, माणसाचं तारण होतं.

आणि तुम्ही मिरजेला ऐकलेलं वाक्य ज्याच्या शिकवणीतलं, त्या पौलाचा (येशूचा प्रेषित, बायबलातली बरीच पत्रं त्याच्या नावावर) मुद्दा नेमका इथंच कळतो. पतसंस्थेत तारण कर्जदारानं न्यायचं असतंय, पौल म्हणतो देवापुढं ठेवायला माणसाकडं काही नाहीच, सत्कर्मंसुद्धा नाहीत. इफिसकरांच्या पत्रात (2:8-9) तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, नाहीतर माणूस फुशारकी मारत बसला असता.

बरं, मराठीत 'कर्म' म्हटलं की डोक्यात लगेच प्रारब्ध, कर्मफळ, 'माझं कर्म, दुसरं काय' हे सगळं येतं. पौल त्याबद्दल बोलतच नव्हता. रोमकरांच्या पत्रात (3:28) तो 'नियमशास्त्रातील कर्मे' म्हणतो, कारण तेव्हाचा वाद असा की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती व्हायचं तर सुंता, खाण्यापिण्याचे नियम असलं मोशेचं शास्त्र, म्हणजे यहुद्यांचे धर्मनियम, पाळायचं का नाही. काही अभ्यासक म्हणतात कर्मे म्हणजे फक्त एवढंच, पण इफिसची ओळ वाचली की मला तरी ते अपुरं वाटतं.

आता याकोब, बायबलातल्याच दुसऱ्या एका पत्राचा लेखक. उघड्या, उपाशी भावाला 'जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, मग काय उपयोग, असं तो दुसऱ्या अध्यायात विचारतो. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, आणि 24 व्या वचनात तर थेट, माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही! प्रचलित मराठी बायबलात पौलाकडं 'कर्मे' आणि याकोबाकडं 'क्रिया' छापलंय, मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडं एकच शब्द, एर्गा. त्यामुळं हे दोघं समोरासमोर आलेत हे मराठी वाचकाच्या लक्षातच येत नाही. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या जर्मन ल्यूथरच्या मात्र चांगलंच लक्षात आलं होतं. 1522 च्या जर्मन नव्या करारात त्यानं रोमकरांच्या त्या वचनात 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हणून मोकळा झाला.

मला विचाराल तर एवढं चिडायची गरज नव्हती, कारण पौल आणि याकोब दोघंही दाखला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच देतात पण वेगवेगळ्या वेळचा. पौल उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायातला घेतो, मूल नसताना नुसत्या शब्दावर भरवसा ठेवलेला, आणि याकोब 22 व्यातला, मुलगा इसहाकाला बळी द्यायला वेदीवर नेलेला, म्हणजे पुष्कळ वर्षांनंतरचा. शिवाय 'विश्वास' पण वेगळा. याकोब म्हणतो भुतंही विश्वास धरतात आणि थरथर कापतात, तो नुसता 'देव आहे' मानण्यापुरता. पौलाचा विश्वास प्रीतीतनं काम करणारा (गलती 5:6), आणि इफिसमध्ये पुढच्याच वचनात तो आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय म्हणतो. तेव्हा चालतंय का, तर नाही चालत, पण कामं ही तारणाची किंमत म्हणून करायची नाहीत. मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894 चं, काढणारे डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) मिशनचे, म्हणजे 'केवळ विश्वासाने'वालेच की!

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं भांडण तर मराठी क्रियापदात मस्त पकडता येतं. देव माणसाला नीतिमान ठरवतो, का नीतिमान करतो? प्रोटेस्टंटांचा जोर ठरवण्यावर, कोर्टात निर्दोष ठरवतात तसा. कॅथलिकांनी 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत सांगितलं की माणूस आतनं बदलतो पण, आणि कृपेच्या मदतीनं केलेल्या कामांनी त्यात वाढतो. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या की मूळ गोष्टीवर आपलं जमतंय. सगळे वाद मिटले असं नाही.

आणि एक, लिहिताना तारणाच्या जागी मोक्ष घालू नका. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातनं, तो फेराच ख्रिस्ती शिकवणीत नाही. उद्धार चालेल.