अमेरिकेत नंबरप्लेटवरचा राजकीय संदेश सरकारने नाकारला, तर तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नाही का?

सध्याच्या कायद्याप्रमाणे नाही. टेक्सासमध्ये जादा पैसे भरून खास डिझाइनची प्लेट मिळते. एका संघटनेने कॉन्फेडरेट झेंड्याची (अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा) प्लेट मागितली, राज्याच्या मंडळाने नाकारली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी मंडळाला उचलून धरलं: प्लेट राज्याची, म्हणजे बोलणारंही राज्यच, आणि स्वतः बोलताना सरकारला तटस्थ राहायची सक्ती नाही.

मला मात्र विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती अलिटोंचं जास्त पटतं. 'त्यापेक्षा गोल्फ खेळलो असतो' अशी प्लेट हायवेवर दिसली, तर ते काय टेक्सास सरकारचं मत समजायचं? साडेतीनशेच्या वर डिझाइनं खपवायची आणि नको तो झेंडा आला की 'हे आमचंच बोलणं' म्हणायचं! झेंडा मलाही नकोसाच, पण तो मुद्दा वेगळा.

याचा फटका नॉर्थ कॅरोलायनात दिसला. तिथे गर्भपातविरोधी प्लेट मंजूर, गर्भपाताच्या हक्काची नामंजूर. खालच्या कोर्टांनी हा पक्षपात ठरवला होता, पण टेक्सासच्या निकालानंतर तो निर्णय फिरला.

उलट सक्तीही चालत नाही: न्यू हॅम्पशायरचं प्लेटवरचं ब्रीदवाक्य झाकायचा हक्क कोर्टाने १९७७ मध्येच दिला. आणि बंपरवर स्टिकर लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.