ऑफिसात फ्रीज नाही. सकाळी बाळासाठी पंप केलेलं अंगावरचं दूध संध्याकाळपर्यंत टिकेल का?

हो, टिकेल, फक्त गोठवलेले आइस पॅक घातलेली इन्सुलेटेड बॅग हवी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ताजं काढलेलं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, अशा बॅगेत २४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस चालतं. बाटल्या पॅकला टेकवून ठेवा, तारीख-वेळ लिहा, घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका. दुपारचं कोमट दूध सकाळच्या गार दुधात थेट ओतू नका, आधी गार होऊ द्या. वर सायीसारखा थर दिसला म्हणजे दूध नासलं असं नाही (उगाच ओतून देतात काहीजणी). बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तीच मुदत धरा.