नागपूरहून निघणाऱ्या चार दिवसांच्या सामूहिक सायकलयात्रेत मी 46व्या वर्षी पहिल्यांदाच जावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिसेंबरात नागपूरहून निघून सेवाग्राम, आर्वी, वरुड, काटोल असं फिरून परत येणारी, शे-दोनशे लोकांची, चार दिवसांत 300 किलोमीटरच्या आसपासची यात्रा. तुम्ही रोज 20 किमी चालवता, 30च्या वर कधी गेला नाहीत, साधी गिअरची हायब्रिड सायकल आहे. आणि शेवटी विचारलंत, "मी सगळ्यांच्या मागे पडले तर?" मी 51 वर्षांची आहे, नागपूरचीच. याच भागातल्या अशा दोन यात्रा केल्या आहेत, पहिली वयाच्या 47व्या वर्षी. तुम्ही नाव नोंदवा. तयारीला दहा आठवडे मिळाले तर 46 वय आड येत नाही.

आधी तयारीचं. पहिल्या दिवसाच्या अंतराची सगळ्यांना भीती वाटते, पण कस लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या दिवशी सेवाग्रामपर्यंतचे 75-80 किमी उत्साहात होऊन जातात. दुसऱ्या पहाटे मांड्या जड झालेल्या असतात, बसायच्या हाडांना सीट लागत असते, आणि तशाच अंगानं पुन्हा पॅडल मारायचं असतं. म्हणून एकाच रविवारी शंभर किमी ओढण्यापेक्षा शनिवार-रविवार जोडून चालवा. सुरुवातीला 35 आणि 35, मग 50 आणि 40, शेवटी 70 आणि 50. आधी मोहगाव झिल्पीला जाऊन या, अंगात आलं की आदासाच्या गणपतीला जा. चढासाठी सेमिनरी हिल्स पुरते, तीच टेकडी हलक्या गिअरवर पाच वेळा चढा. यात्रेच्या आधीचा आठवडा मात्र पायांना विश्रांती द्या. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीनं ताकद वाढत नाही, नुसता थकवा उरतो.

सीटबद्दल मोकळेपणानं लिहिते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल पार खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा; मग चवड्यानं पॅडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट बुटकी असेल तर तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतोच. जेलचं जाड कव्हर लांबच्या अंतराला घेऊ नका, त्यानं घासणं वाढतं. पॅड असलेली सायकलची शॉर्ट घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. वरून सैल ट्राउझर किंवा कुर्ता चालेल, ओढणी मात्र घरीच ठेवा. व्हॅसलीन जवळ असू द्या.

आणि शौचालय. पुरुषांच्या उत्तरांत हा विषय येतच नाही, आणि त्यामुळेच कितीतरी बायका पाणी कमी पितात. पाणी कमी पडलं की डोकं धरतं, पायात गोळे येतात, मग वाटतं आपल्याच्यानं होत नाही. तसं करू नका. ताशी अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं, थंडीतसुद्धा, आणि दिवसातून एक-दोनदा त्यात ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारा की बायकांसाठी थांबे कुठे आहेत. रस्त्यात पेट्रोलपंप, ग्रामपंचायत, शाळा असतातच. त्यातलं काही नसेल तर कुठल्याही घराच्या दारात उभ्या राहून तिथल्या बाईला विचारा. मला एकदाही नाही म्हटलं गेलं नाही. आर्वीच्या अलीकडे एका गावात अशीच एका दारात थांबले. त्या माउलीनं आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नागपूरहून? सायकलीनं? अवं माय!" बाहेर आले तोवर चूल पेटली होती. "घडीभर बसा ना वं बाई, च्या घेऊन जा." मी बसले. तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडलेले होते, सकाळपासून कापूस वेचून ती नुकतीच आली होती. किती मिळतात, विचारलं. वेचणी किलोवर मोजतात, म्हणाली, आणि ओल असली की सकाळी लवकर वावरात जाता येत नाही. वीस मिनिटं गेली. आमच्या गटातले पुढे गेलेले लोक तोवर मुक्कामी पोचले असतील. पण ही यात्रा आठवली की मला पहिली तीच ओसरी आठवते.

या प्रकारच्या यात्रांचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं आहे, लोक त्याला रॅगब्राय म्हणतात. 1973 मध्ये तिथल्या 'डि मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्रातल्या जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोघांनी ठरवलं की सायकलवर राज्य ओलांडायचं, आणि वाचकांनाही सोबत बोलावलं. आता दरवर्षी जुलैच्या शेवटी आठवडाभर हजारो माणसं मका आणि सोयाबीनच्या शेतांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. निघताना मागचं चाक मिसूरी नदीत बुडवायचं, पोचल्यावर पुढचं मिसिसिपीत. पहिल्याच वर्षी क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे 83 वर्षांचे शेतकरी त्यात उतरले आणि त्यांनी ती पूर्णही केली. 46 म्हणजे उशीर झाला असं वाटलं की त्यांना आठवा. मला त्या यात्रेतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की वाटेतली गावं रस्त्यावर येऊन खाऊ घालतात आणि स्वार थांबतात. घड्याळ लावून नुसतं अंतर कापणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं लागत नाही.

आपल्याकडे थांबण्यासारखं कमी नाही. केळझर-सेलूच्या पुढे पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. तिथलं ब्रह्मविद्या मंदिर त्यांनी 1959 मध्ये स्त्रियांसाठी सुरू केलं. नदीकडे तोंड करून पाच मिनिटं बसा. सेवाग्रामला गांधीजी 1936 मध्ये आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. तळेगावच्या पुढे आष्टी लागतं, 1942च्या ऑगस्टमधलं, 'चले जाव' आंदोलनातलं आष्टी. तिथून वरुडकडे जाताना दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू होतात. डिसेंबरात आंबिया बहाराची तोड चाललेली असते, झाडाखाली ढीग, क्रेट भरणारी माणसं, आणि अख्ख्या रस्त्याला सालीचा वास. आपण नागपूरचे लोक नागपुरी संत्री म्हणून मिरवतो, ती पिकवणारी गावं ही आहेत, आणि भाव पडले की झळही यांनाच बसते. फळ विकतच घ्या, झाडाचं तोडू नका. शे-दोनशे जणांनी एकेक तोडलं तर एका माणसाचा दिवस बुडतो. तेच रिकाम्या बाटल्यांचं आणि चिक्कीच्या कागदांचं, ते खिशातच राहू द्या.

आता रस्ता. बुटीबोरीपर्यंत ट्रक फार, तिथे एका रांगेत चाला, बोलणं बंद. कापसाच्या दिवसांत भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर हळू चालतात, त्यांना ओलांडताना मागे वळून बघण्यापेक्षा हँडलला छोटा आरसा लावलेला बरा. डांबराची कड कित्येक ठिकाणी चार-पाच इंच उंच असते. ट्रक जवळ आला म्हणून घाबरून खाली उतरलात तर चाक कडेला घासून पडाल. आधीच हळू व्हा, थांबा, मग उतरा. रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य किंवा कुटार दिसलं की त्यावरून सायकल नेऊ नका. माझी पहिली यात्रा दिवाळीनंतर लगेच होती, सोयाबीनचे दाणे छर्ऱ्यासारखे चाकाखालून सरकले आणि मी कोपरावर आपटले. ज्याचं सोयाबीन होतं तोच धावत आला, हळद लावून दिली. त्याचं पीक मी तुडवलं होतं.

अवकाळी पाऊस झाला तर काळ्या मातीच्या पांदणीत सायकल घालूच नका. दहा पावलांत चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती गच्च बसते आणि सायकल उचलून न्यावी लागते. पंक्चरची भीती मात्र रोजचीच, बाभूळ आणि सराटा. दोन ट्यूब आणि आपल्या व्हॉल्व्हला बसणारा पंप जवळ ठेवा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, काटा तिथेच रुतलेला असतो आणि नवी ट्यूबही तोच फोडतो. हे घरी अंगणात तीनदा करून बघा.

गटात चालवताना एकच गोष्ट अंगवळणी पाडा: अचानक काही करायचं नाही. ब्रेक दाबण्याआधी "थांबतेय" म्हणा, खड्डा दिसला की "खड्डा", मागून गाडी आली की "गाडी", आणि हातानं दाखवा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नका. तो जरा वळला की तुम्ही पडता, त्याला कळतही नाही. वाऱ्याचाही विचार करा. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणजे जाताना पाठीवर आणि शेवटच्या दिवशी काटोलहून येताना तोंडावर. त्या दिवशी अंतरही शंभरावर असतं. तेव्हा चार-पाच जणांच्या रांगेत आळीपाळीनं पुढे राहा, एकट्या लढू नका.

खाणं भुकेच्या आधी. तासाभरानं केळं, चिक्की, गूळ-शेंगदाणे, जे पोटाला रोज चालतं तेच. सकाळी पोह्यांवर तर्री जपून घ्या. पाटवडी रस्सा मुक्कामाला पोचल्यावर. पहाटे दहा-बारा अंश असतं आणि अकराला स्वेटर नको होतो, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाला, आणि हातमोजे विसरू नका. मुक्काम शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतो, तिथे कानात घालायला कापूस न्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मागे पडलात तर मागची गाडी असते, सायकल वर टाकायची आणि बसायचं. नाव नोंदवण्याआधी ती गाडी, सामानाचा टेम्पो आणि ॲम्ब्युलन्स तिन्ही आहेत का, हे विचाराच. नसतील तर ती यात्रा सोडून दुसरी बघा. माझ्या पहिल्या यात्रेत मी पहिल्या दिवशी तरुण मुलांच्या वेगानं गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आर्वी 15 किमी उरलं असताना उजवा गुडघा वाकेना. अर्धा तास मी रस्त्याकडेला रडत बसले, गाडीत बसायचं नाही म्हणून. शेवटी बसले. रात्री बर्फ लावला, सकाळी सीट एक सेंटिमीटर वर केली आणि पुढचे दोन्ही दिवस माझ्या वेगानं पूर्ण केले. आता मी पहिल्या चहाच्या थांब्यावरच मागच्या गाडीच्या ड्रायव्हरदादांना भेटते, नाव सांगते, नंबर घेते. तुम्हीही घ्या.