'आवरणपत्र' म्हणावे का, आणि त्यात 'उपकृत करावे' लिहावे का?

प्रश्न असा आहे: एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधकाच्या (प्रूफरीडरच्या) जागेसाठी मराठीतून अर्ज करायचा असून, बायोडेटाबरोबर जोडायच्या कव्हर लेटरला 'आवरणपत्र' म्हणावे का, आणि त्यात 'विनंती विशेष', 'उपकृत करावे' अशी भाषा आज शोभते का?

'आवरणपत्र' हा शब्द घडवलेला आहे, रुळलेला नाही. आवरण म्हटले की मराठी वाचकाला वेष्टन किंवा पुस्तकाचे कव्हर आठवते. सरकारी पत्रव्यवहारातील 'अग्रेषणपत्र' वेगळे आहे, कारण ते एका कार्यालयाने दुसऱ्याकडे कागद पुढे पाठवताना लिहिलेले असते. 'सहपत्र' तर नेमके उलटे, म्हणजे पत्रासोबत जोडलेला कागद. या हिशेबाने आपला बायोडेटा हेच सहपत्र होय. म्हणून लिहिताना 'अर्जासोबतचे पत्र' म्हणावे आणि बोलताना खुशाल 'कव्हर लेटर' म्हणावे. पत्राच्या माथ्यावर मात्र यांपैकी काहीच लिहायचे नसते, तिथे विषयाची ओळ पुरते.

खरी अडचण नावापेक्षा भाषेची आहे. 'अर्ज' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मुळात विनवणीचा, आणि 'उमेदवार' म्हणजे उमेद, आशा धरून असलेला. पूर्वी 'उमेदवारी करणे' म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणे असाही अर्थ होता. शब्दांच्या या पूर्वपीठिकेमुळे मराठी अर्ज लिहायला बसले की हात आपोआप जोडले जातात: 'मी एक होतकरू व कष्टाळू उमेदवार असून, आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी देऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते कोणीही कोणत्याही संस्थेला लिहू शकेल. निवड करणाऱ्याला मात्र हे हवे असते की जाहिरातीत मागितलेले कोणते काम या माणसाने आधी केले आहे. म्हणून त्या जागी असे काही लिहावे: 'आपल्या जाहिरातीत संदर्भसूची आणि नामसूची तपासण्याचा उल्लेख आहे, ही दोन्ही कामे मी एका चरित्रग्रंथासाठी केली असून, त्याची तपासलेली काही पाने सोबत जोडली आहेत.' यात नम्रता कमी झालेली नाही, विशेषणे तेवढी गेली आहेत. 'कष्टाळू', 'होतकरू' ही विशेषणे दुसऱ्याने आपल्याला लावायची असतात, असे माझे मत आहे.

'सा.न.वि.वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. हा मायना जुन्या, सुंदर परंपरेतला आहे. यादवकाळातील मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'मेस्तक' या लेखनपद्धतीच्या ग्रंथात कोणाला कसा मायना लिहावा याचे नियम आहेत. परंतु तो परिचयाच्या पत्राचा मायना आहे, नोकरीच्या पत्रात 'महोदय' किंवा 'महोदया' पुरे. वाचणारी व्यक्ती कोण हे ठाऊक नसेल तर 'महोदय/महोदया' असा तिरक्या रेघेचा अडाणी जोड देण्यापेक्षा 'मा. निवड समिती यांस' असे लिहिणे मला अधिक नीटस वाटते. 'आपला आज्ञाधारक' शाळेतच सोडून यावे.

'आपला विश्वासू' हा इंग्रजी वळणावरून आलेला, पण आता पूर्ण मराठी झालेला समारोप ठेवायला हरकत नाही; स्त्री लिहीत असेल तर 'आपली विश्वासू'. फक्त तो 'विश्वासु' असा लिहू नये. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे, 'परंतु'सारखे अपवाद सोडले तर, शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो, आणि मुद्रितशोधकाच्या जागेसाठी पाठवलेल्या पत्रात नेमक्या सहीवरच ही चूक सापडली, तर बाकीचे पत्र वाचले जाईलच याची खात्री देता येत नाही. त्याच कारणाने 'उपरोक्त'ही टाळावे. संस्कृत संधीनुसार 'उपर्युक्त' बरोबर, आणि 'वरील' त्याहून सोपे. विषयाच्या ओळीतले 'अर्ज सादर करणेबाबत' हे कचेरीतले वळण आहे. प्रमाण मराठीत 'करण्याबाबत' होते. त्या ओळीत पदाचे नाव मात्र जाहिरातीत जसे छापले आहे तसेच द्यावे, मग ते 'प्रूफरीडर' असले तरी.