मॉनिटर काळा पडतो? कर्नलला हात लावण्याआधी हे करून बघा

तुमची तक्रार मला कळली ती अशी. लिनक्सची उबुंटू २४.०४, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा लॅपटॉप, त्याला यूएसबी-सी हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) आणि हबच्या एचडीएमआयमधून २७ इंची फोर-के मॉनिटर, ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. दर पाच-दहा मिनिटांनी मॉनिटर दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. मधूनच पांढरे ठिपके चमकून जातात. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन ठणठणीत. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पर्याय देऊन पीएसआर बंद करून झाला, डिस्ट्रो (लिनक्सचा अवतार) बदलून झाली, आणि विंडोजवर हे 'बहुतेक होत नाही'.

पहिलं म्हणजे पीएसआर बंद करणारा तो पर्याय काढून टाका. फ्लिकरचं, म्हणजे स्क्रीन लुकलुकण्याचं, नाव काढलं की हाच उपाय सांगायचा अशी प्रथाच पडली आहे. पीएसआर म्हणजे पॅनेल सेल्फ रिफ्रेश. स्क्रीनवर काही हलत नसेल तेव्हा लॅपटॉपचं पॅनेल आपल्याच मेमरीतलं चित्र दाखवत राहतं आणि ग्राफिक्सला तेवढी डुलकी काढता येते. हे आतल्या पॅनेलचं काम आहे. एचडीएमआयने लटकवलेल्या मॉनिटरचा त्याच्याशी संबंध नाही. तो बंद ठेवून फक्त बॅटरी लवकर उतरेल.

आता खरा प्रश्न. 'फ्लिकर' हा शब्द आपण तीन वेगळ्या आजारांना वापरतो: उजेड थरथरणं, चित्र फाटणं आणि सिग्नल तुटणं. ते ओळखायला एक फुकटची युक्ती आहे. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, ब्राइटनेस वगैरेचा, आणि तो उघडाच ठेवून बघत बसा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, लॅपटॉपला त्याची खबरही नसते. मेनूसकट सगळं मिचमिचत असेल तर बॅकलाइट किंवा वीज बघा, लिनक्स सुटला. मेनू स्थिर आणि मागचं चित्र मात्र उडतंय, तर ग्राफिक्स, ड्रायव्हर, डेस्कटॉप यांच्यापैकी कोणीतरी. आणि मेनूसकट सगळं गायब होऊन दोन सेकंदांनी चित्र परत येत असेल, तर मॉनिटरचा सिग्नल सुटला आणि त्याने तो पुन्हा पकडला. तुमचं वर्णन या तिसऱ्यात बसतं. त्यात ते पांढरे ठिपके म्हणजे तर जवळजवळ सही-शिक्का: वायरीत बिट गळतायत. सॉफ्टवेअरची चूक सहसा अशी दिसत नाही. ती दिसते तेव्हा अख्खी विंडो चमकते, अर्धवट चौकोन उमटतात, मागची फ्रेम मध्येच डोकावते.

बिट का गळतात, त्यासाठी थोडं गणित. यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे मार्गिका, असतात. हबला यूएसबी ३ची पोर्टं असली की सहसा दोन लेन यूएसबीला जातात आणि डिस्प्लेला उरतात दोन. यूएसबी-सीतून चित्र डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने जातं, आणि डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने एका लेनमधून सेकंदाला ५.४ गिगाबिट जातात. एन्कोडिंगचा, म्हणजे डेटा सुखरूप पोचवायच्या बांधणीचा, पाचवा हिस्सा वजा केला की दोन लेनचे मिळून ८.६४. फोर-के ६० हर्ट्झला साधारण १२.८ लागतात, आणि तेही ब्लँकिंग (दोन चित्रांमधला रिकामा वेळ) कमी केलेल्या टायमिंगने. म्हणजे जुन्या धाटणीच्या हबवर ६० हर्ट्झ मिळणारच नाही, यादीत ३०च दिसेल. तुम्हाला ६० मिळतंय, त्याअर्थी तुमचा हब बहुधा डिस्प्लेपोर्ट १.४च्या वेगाने, लेनला ८.१ने बोलतोय. दोन लेनचे झाले १२.९६. रस्ता १२.९६चा आणि गाडी १२.८ची! दोन्ही बाजूंना आरसे मुडपून गल्लीतून ट्रक काढावा तसं हे चाललंय. जागा जेमतेम आहे म्हणून बिट गळत नाहीत, पण ती पुरवायला वायरीला या वरच्या वेगाने पळावं लागतं, आणि तिथे वायरीची छोटी खोटही भोवते. त्यात हबची आखूड वायर बिजागरीशी रोज वाकणारी, आणि पुढे एचडीएमआयची केबल जुन्या टीव्हीच्या खोक्यातली.

म्हणून पहिली चाचणी: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट (तेच हर्ट्झ) ३० करा आणि अर्धा दिवस तसंच काम करा. माउस चिखलातून चालल्यासारखा वाटेल, सहन करा. एकदाही काळं झालं नाही तर गुन्हेगार वायर किंवा हब, हे जवळपास नक्की. आणि विंडोजमध्ये जाऊन प्रगत डिस्प्लेच्या पानावर किती हर्ट्झ लिहिलेत तेही बघून या. माझ्या एका मित्राने 'विंडोजवर नीट चालतं' म्हणून लिनक्सला महिनाभर शिव्या घातल्या. शेवटी कळलं की विंडोज ३०वर चाललं होतं.

दुसरी चाचणी त्याच वेळी करता येईल. लॅपटॉपच्या स्क्रीनवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, सुडो लावून डीमेसेज चालवा आणि त्याला डब्ल्यूचा पर्याय द्या (sudo dmesg -w), म्हणजे कर्नलचे निरोप येतील तसे दिसत राहतील. मॉनिटर काळा पडला की त्याच क्षणी काय उमटतं ते बघा. 'लिंक ट्रेनिंग' (link training) असलेली ओळ आली तर लॅपटॉप आणि हब यांच्यातलं बोलणं तुटतंय. 'फिफो अंडररन' (FIFO underrun) आलं तर गोष्ट वेगळी: डिस्प्लेच्या भागाला मेमरीतून वेळेवर डेटा मिळाला नाही. तिथे केबल बदलून उपयोग नाही, नवा कर्नल लावून बघायचा. आणि काहीच उमटलं नाही तर? तेही उत्तरच आहे. लॅपटॉपच्या लेखी सगळं सुरळीत आहे, म्हणजे बहुधा हबच्या पुढे, एचडीएमआयच्या तुकड्यात गडबड आहे. तो तुकडा कर्नलला दिसतच नाही.

माझा अंदाज या शेवटच्यावर आहे. एचडीएमआय केबल बदलाच, पण त्याहून चांगलं म्हणजे हबला वगळा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल मिळते. त्यात चारही लेन डिस्प्लेला मिळतात. जुन्या ५.४च्या वेगानेही १७.२८ होतात, म्हणजे १२.८ आरामात. कीबोर्ड-माउस हबवर राहू द्या. केबल दोन मीटरच्या आतली घ्या, आणि खोक्यावर सोनेरी टोकांचं चित्र बघून भुलू नका.

इतरांसाठी पटकन. एनव्हिडियाचं ग्राफिक्स आणि वेलँड (लिनक्सवर विंडो दाखवायची नवी पद्धत) असेल आणि फक्त काही जुन्या अ‍ॅप्सच्या विंडो चमकत असतील, तर केबलला दोष देऊ नका. तो एक्सप्लिसिट सिंक, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवायचा स्पष्ट इशारा, नसल्याचा जुना घोळ आहे. २०२४मधल्या ५५५ ड्रायव्हरपासून आणि त्या सुमाराच्या गनोम आणि प्लाझ्मा या डेस्कटॉपांपासून, आणि जुन्या विंडो वेलँडवर चालवणाऱ्या एक्सवेलँडपासून तो मिटला. एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सवर स्क्रीन पांढरी चमकत असेल तर एएमडीजीपीयू या ड्रायव्हरचा एसजी-डिस्प्ले हा पर्याय शून्य करून बघा (amdgpu.sg_display=0). असे पर्याय आधी ग्रबच्या (संगणक सुरू होताना येणाऱ्या निवडीच्या) पडद्यावर ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहून एकदाच वापरायचे. बिघडलं तर रीस्टार्ट केलं की पूर्ववत. लोक थेट फाइलीत लिहून ठेवतात आणि दोन वर्षांनी तो पर्याय तिथे का आहे हे त्यांनाच आठवत नाही.

आणि एक राहिलंच, ऐकून हसाल. गेल्या थंडीत माझाही मॉनिटर असाच जायचा. केबल नवी, हब नाही, ३० हर्ट्झवरही तेच. वैतागून वहीत वेळा लिहायला लागलो: अकरा वाजून पाच, साडेबारा, पावणेचार. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, या तर तुमच्या चहाला उठायच्या वेळा." खुर्चीवरून उठलो की मॉनिटर काळा! गॅस-लिफ्टच्या खुर्चीत स्थिर वीज साठते, उठताना ती सुटते आणि त्या झटक्याचा गोंगाट व्हिडिओ केबल अँटेनासारखा पकडते. कोरड्या हवेत जास्तच. आमच्या जुन्या घरात भिंतीच्या प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, अर्थिंगची वायर त्यात कधी आलीच नव्हती. इलेक्ट्रिशियनकडून ती ओढून घेतली, चांगल्या शील्डिंगची आखूड केबल लावली, आणि त्यानंतर एकदाही गेला नाही.

तेव्हा ३०वर टिकलं का, डीमेसेजमध्ये काय आलं, आणि काळं होतं तेव्हा तुम्ही बसलेले असता की उठत असता, एवढं कळवा. हबच्या मागे बारीक अक्षरात फोर-केपुढे ३० लिहिलंय की ६०, तेही भिंग घेऊन वाचा.