डिस्क नवी, थरथर जुनीच

प्रश्न : गाडी चिपळूणला उघड्यावर उभी असते. पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि त्यांना दाबणारे पॅड घरीच बदलले. पहिला महिना ठीक गेला, आता ब्रेक दाबला की स्टीअरिंग पुन्हा थरथरतं. डिस्क वाकडी निघाली का?

उत्तर : डिस्कपेक्षा हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) संशय घ्या. पावसाळी हवेत जुनी डिस्क हबला गंजून चिकटते. ती ठोकून काढली की गंजाचे पापुद्रे हबवरच राहतात आणि नवी डिस्क त्यांवर किंचित तिरकी बसते. फिरताना डिस्कला कडेजवळ डुलण्याची मुभा बहुतेक गाड्यांत ०.१ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. पापुद्रा त्याहून सहज जाड. सुरुवातीला हाताला काही कळत नाही. पण दर फेरीला डिस्कची तीच जागा पॅडला घासते, तिथे झिजते आणि मग थरथर सुरू होते. महिनाभर ठीक वाटलं ते यामुळेच.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मागच्या चाकांना दगड लावा. जॅकवर विसंबू नका, गाडी स्टँडवर घ्या. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. डिस्क काढून हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा, स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या बोल्टच्या) मुळाशी तर नक्कीच. लोक नेमकं तेवढंच सोडतात. डिस्कची आतली बाजूही पुसा. मग नटांखाली वॉशर घालून डिस्क आवळा आणि डायल गेज (डुलणं मोजणारं घड्याळी माप) लावून फिरवून बघा. डुलणं थांबलं तरी झीज भरून येत नाही. तेव्हा डिस्क लेथवर घासून घ्या, मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. पाय देऊन पाना दाबण्याची आपली सवय इथे घात करते.

प्रश्न : नवे पॅड घातले, गाडी काढली, तर पहिल्याच ब्रेकला पेडल तळाला गेलं!

उत्तर : कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलल्यावर पॅड आणि डिस्कमध्ये फट राहते. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पाच-दहा वेळा दाबायचं असतं. तरीही मऊच लागलं तर गाडी बाहेर काढू नका. पाइप उघडला असेल तर हवा शिरली आहे, ब्लीडिंग करावं, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल. पिस्टन ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते आधीच थोडं काढून ठेवा. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उकलतो.