फरशी बसण्याआधी पाणी भरून बघा

प्रश्न: ठाण्यात आमचं 25 वर्षं जुनं वन बीएचके आहे. बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्याने करायचंय. ठेकेदाराने 'सगळं मिळून साडेतीन लाख' असं तोंडी सांगितलंय आणि निम्मे पैसे आधी मागतोय. माणूस ओळखीतला आहे. द्यावेत का? – एक वाचक

उत्तर: ताई, निम्मे अजिबात देऊ नका. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला. आईच्या घराच्या वेळी मीही गप्प बसले. त्याने तोडफोड केली, पैसे उचलले आणि माणसं दुसऱ्या साइटवर नेली. आई दीड महिना बादली घेऊन शेजारच्यांकडे अंघोळीला जात होती.

'सगळं मिळून' हा शब्दच मोडून काढा. प्रत्येक कामाचा दर, माप, मालाची कंपनी लिहून घ्या. टेप स्वतः धरा. 7 बाय 5 चं बाथरूम, 7 फुटांपर्यंत टाइल्स: भिंती 168 चौरस फूट, दाराचे साडेसतरा वजा, जमीन 35. झाले साधारण 186. तुकड्यांसाठी दहा टक्के वाढवले तरी 205. बिलात 260 दिसले तर तिथेच थांबवा.

किचनसाठी 'आयएस 710' छापाचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या; तो छाप सनमायका लागण्याआधी प्रत्येक शीटवर बघा. 'आयएस 303' चा साधा प्लाय सिंकखाली टिकत नाही, आणि सनमायका चढल्यावर ओळखता येत नाही.

वॉटरप्रूफिंगवर तर माझा सगळ्यात जास्त जीव. नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाला, बोळा घाला, चार इंच पाणी भरा, भिंतीवर खडूने रेघ मारा. 48 तासांनी रेघ बघा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छतही बघा. पाणी रेघेखाली फारसं उतरलं नसेल आणि ते छत कोरडं असेल तरच फरशीला हात लावू द्या. भिंतीत पाइप गाडण्याआधी फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकतानाही उपयोगी पडतात.

सुरुवातीला दहा टक्के पुरे. पुढचे पैसे काम बघून, चेकने किंवा यूपीआयने द्या. शेवटचे दहा टक्के महिनाभर बाथरूम वापरल्यावरच. याला तो तयार नसेल तर दुसरा माणूस बघा.

आधीच फसला असाल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. काम 5 लाखांपर्यंतचं असेल तर फी नाही. तिथे हेच कागद आणि फोटो लागतील.

आणि हो, तोडफोडीचं डेब्रिज कोण उचलणार तेही लिहून घ्या. जिन्यात गोणी राहिल्या की सोसायटी तुम्हालाच धरते.